मावशी, अग्निराक्षस आणि माझे पॉइंट

माझी मावशी केस कापते. सलूनमधली खिडकीजवळची खुर्ची तिची, आणि तिच्यासाठी लोक ताटकळत बसतात. जिन्यावरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी हात बरा झाल्याचं सांगितलं, तरी बाई कात्रीला शिवेना. चुकून कोणाचा कान कापला तर? शेवटी मालकिणीचा निरोप आला: आज संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर खुर्ची दुसरीला देते.

मावशीने फोन बाजूला ठेवून कॉम्प्युटर लावला. ती वर्षानुवर्षं एक ऑनलाइन गेम खेळते, तलवारी आणि जादूचा. तिथे तिच्या बोटांचा दरारा आहे. निदान होता. प्लास्टर निघाल्यापासून अग्निराक्षस तिला रोज धूळ चारत होता.

"आज हा मेला तर कामावर जाईन," ती म्हणाली. "नाहीतर हात गेला असं समजायचं."

इथे आमचं जुनं भांडण. मावशी म्हणते, खेळणाऱ्याचा हात चांगला हवा. मी म्हणतो, हात गेला खड्ड्यात, कॅरेक्टरचं बिल्ड चांगलं हवं. म्हणजे ताकद, चपळाई, चिलखत यांत पॉइंट कुठे किती टाकायचे ते डोकं लावून ठरवायचं. हिने सगळे चपळाईत ओतलेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणून गेलो, "मी लावतो पॉइंट. मग माकडसुद्धा जिंकेल."

"लाव बाबा," मावशी म्हणाली. एरवी तिने माझी बिनपाण्याने केली असती. ती इतकी सहज ऐकते म्हटल्यावर मला वाईटच वाटलं.

जुने पॉइंट काढून मी बहुतेक सगळे चिलखतात टाकले. "आता खाली 'कायम करा' दाब," असं सांगून पाणी प्यायला गेलो. परत आलो तर लढाई सुरू.

आणि काय खेळली! राक्षसाचा हात उठायच्या आत ही बाजूला. आधी दर फटक्याला मनगटाकडे बघायची, आज एकदाही नाही. लढाई लांबली खरी, पण ताकदीत पॉइंट कमी म्हटल्यावर लांबणारच. शेवटी राक्षस आडवा झाला. हिच्या अंगावर ओरखडा नाही! मी माझ्या चिलखतावर जाम खूश.

मावशी मात्र तोंड पाडून बसली. "माकडसुद्धा जिंकलं असतं," ती म्हणाली, आणि मालकिणीला 'खुर्ची देऊन टाका' सांगायला फोन उचलला.

माझं धाबं दणाणलं. थोडं तरी श्रेय तिच्या हाताला देता येईल म्हणून मी घाईघाईने कॅरेक्टरचं पान उघडलं. चपळाई शून्य. चिलखत शून्य. मी काढलेले सगळे पॉइंट न लावता तसेच पडून.

"मावशी, 'कायम करा' दाबलंस ना?"

"कोपऱ्यातली फुली दाबून पान बंद केलं. सलूनच्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाची वेळ टाकली की फुलीच दाबतो आम्ही, आपोआप कायम होतं."

"अगं, मग माझं काहीच लागलं नाही! एक फटका बसता तरी मेली असतीस तू."

तिने फोन खाली ठेवला. "म्हणजे हात..."

"तुझाच. चिलखत आहे समजून तू घाबरली नाहीस, एवढंच."

मावशी रडली, मग हसली, मग माकडावरून मला यथेच्छ शिव्या घातल्या. मला इतकं हायसं वाटलं की इतक्या वर्षांचं भांडण हरल्याचं दुःखही झालं नाही. "उद्या येते," तिने मालकिणीला सांगितलं, आणि कपाटातून कात्री काढून मला स्टुलावर बसवलं.

पहिली बट कापताना ती श्वास रोखून होती. अर्धं डोकं होईपर्यंत मात्र, गिऱ्हाइकांना विचारते तसं, मला लग्न कधी करतोस म्हणून विचारू लागली.