सबनीस काकांचा गोठा

प्रल्हाद काका सबनीस यांनी ओहायोत आयुष्यभर लोकांची हाडं जोडली. निवृत्त झाल्यावर अ‍ॅशबर्न गावाच्या पलीकडे शेत घेतलं आणि जाहीर केलं, "आता गाई पाळणार."

"पाळा," उत्तरा काकू म्हणाल्या. "पण धारा तुम्हीच काढायच्या. लाथ बसली तर हाडवैद्य घरातच आहे."

शेजारच्या शेतकऱ्याकडच्या दोन जर्सी गाई ठरल्या. थंडीच्या आत न्यायच्या होत्या. राहिला गोठा. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा कचेरीने, अट घातली : हा भाग जुन्या वस्तीचा, तेव्हा आधी चर खणून बघायचे. काही जुनं निघालं तर गोठा विसरा.

पुरातत्त्ववाली डोना छोटं खोदयंत्र घेऊन आली. चर कोरा निघाला की तिचा चेहरा पडे आणि काका "वा!" म्हणत. खड्ड्यात काहीच नाही म्हणून इतका हरखणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

शेवटचा चर ईशान्य कोपऱ्यात. तिथे टण्णकन आवाज झाला. डोनाने यंत्र थांबवलं, गुडघ्यांवर बसून ब्रशने माती झटकली. तांब्याचा छोटा गडू!

"माय गुडनेस!" डोना कुजबुजली. काका आभाळाकडे बघू लागले.

"अहो, सांगा ना तिला!" काकूंनी कोपराने ढोसलं.

"थांब गं. आधीच खणलं म्हणून परमिट कॅन्सल केलं तर?"

"मग आपलाच गडू बघायला म्युझियममध्ये जाऊ. तिकीट काढून."

काका पुढे झाले. "डोना, ते आमचं आहे."

"तुमच्या पूर्वजांचं?"

"नाही. एप्रिलमधलं."

अक्षय्य तृतीया हातची जाऊ नये म्हणून काकांनी देवळातल्या गुरुजींना बोलावून भूमिपूजन आधीच उरकलं होतं. डोनाने गडू उपडा केला. सुपारी, हळकुंड, चांदीचा नाग आणि एक क्वार्टर, पंचवीस सेंटांचं नाणं. त्यावर चक्क रानरेडा.

"गोठ्याला शोभेलसं नाणं शोधलं," काका ओशाळून म्हणाले.

डोनाने नाणं पुसून साल वाचलं, दोन हजार पाच, आणि ती खो खो हसत सुटली. "आम्ही नाण्यावरून काळ ठरवतो. इतकी सोपी तारीख मला जन्मात मिळाली नव्हती!" मग गंभीर होऊन तिने खालची माती नीट खरवडून पाहिली. कोरी. "बांधा गोठा."

काकांना एवढ्यावर समाधान नव्हतं. "हललेला गडू पुन्हा पुजून ठेवावा लागतो. तूच ठेव आता." काकूंनी हळदकुंकू आणलं. डोना बूट काढून चिखलात उतरली.

"जरा खोल ठेव हं. पुन्हा कुणाला सापडायला नको," काका म्हणाले.

"छे! शंभर वर्षांनी आम्हा पुरातत्त्ववाल्यांपैकी कुणाला तरी आनंद होऊ दे की."

काकांना हे फारच पटलं. त्यांनी खिशातून आणखी एक क्वार्टर काढून आत टाकला आणि तिथूनच शेजाऱ्याला फोन लावला, "हो, हो, पहिल्या बर्फाच्या आत नेतो!"