पाठकसरांचा इंटरव्ह्यू

पाठकसरांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. एवढा गोड बोलणारा माणूस आमच्या करमाड गावात मी पाहिला नव्हता. आज त्यांची आठवण निघाली की मला किळस येते, ती त्या गोडपणाचीच.

शहरात, जालना रोडवर एका नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची कंपनी होती. दुकानांच्या, शाळांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि बंद पडल्या की फोनवर मदत करायची, असा धंदा. त्या मदतीच्या नोकरीसाठी मी इंटरव्ह्यूला गेलो. लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. गावात प्यायला पाणी नव्हतं आणि शहरात नव्या स्लॅबवर टँकरने पाणी मारत होते. सरांनी स्वतःच्या हाताने मला जारमधलं गार पाणी दिलं. मी तिथेच विरघळलो.

दोन-चार प्रश्न विचारून त्यांनी मला हेडफोन दिला. "ही प्रॅक्टिकल राउंड. फोन उचल, मी ऐकतोय." फोन खरेच होते. एका लॉजवाल्याचा ईमेल बंद, एका शाळेची साइट उघडेना. मला येत होतं, मी सोडवत गेलो. संध्याकाळी सर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "राजा, हात चांगलाय तुझा. उद्या ये, पुढची राउंड घेऊ."

पुढची राउंड म्हणजे पुन्हा तीच खुर्ची. त्याच्या पुढचीही तीच. शेजारी बसून फोन घेणारे सगळे माझ्यासारखे इंटरव्ह्यूलाच आलेले होते. पगाराचा विषय काढला की सर हसत. "पगार कुठं पळून जातोय? हेच शिकायला लोक पुण्यात फी भरतात." कुणी फार कुरकुरलाच, तर त्याला जिन्यापर्यंत सोडायला स्वतः जात आणि "कळवतो हं" म्हणत. लगेच त्याच्या खुर्चीत नवा चेहरा दिसे.

इकडे माझ्या वडिलांना, आबांना, उत्तर हवं होतं. आमची मेंढरं होती आणि चारा संपला होता. कळप घेऊन गोदाकाठी उतरायचं तर सोबतीला मी लागणार होतो. मला नोकरी मिळाली तर मेंढरं विकायची, असं ठरलं होतं. आबा फोनवर म्हणाले, "लागलास का नाय, येवढंच सांग. बाकी मला काय कळत नाय."

मी सरांपुढे जाऊन उभा राहिलो. "सर, आबा मेंढरं विकायचं म्हणतेत. माझं हाय का नाय, येवढं सांगा."

सरांनी चष्मा काढून माझा हात हातात घेतला. "अरे राजा, तुझं झालंच समज. सांग घरी बिनधास्त."

आमच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून सौदा होतो. एकदा हात दिला की माणूस मागे फिरत नाही. सरांनी हात दिला होता. आबांनी पुढच्या बाजाराला सगळा कळप विकला, एक मेंढी मागे ठेवली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सर भलतेच खुशीत होते. "राजा, आज तुला मोठी जबाबदारी. बाहेर नवी बॅच बसलीय, त्यांचा इंटरव्ह्यू तू घे."

"म्हणजे माझी ऑर्डर निघाली, सर?"

"हीच तर तुझी शेवटची राउंड."

लाज नावाची गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडली नसती. मेंढरांचं या माणसाला ठाऊक होतं.

जिन्यात मुलं रांगेने बसली होती. पहिलीच होती खुलताबादची एक मुलगी, मांडीवर सर्टिफिकेटांची फाइल घेतलेली. तिने हळूच विचारलं, "भैया, तुम कब से लगे इधर नौकरी पे?"

"नाय लागलो," मी म्हणालो. "माझाच इंटरव्ह्यू चाललाय अजून. आमची मेंढरं गेली ह्याच्यापायी."

तिने माझ्याकडे बघितलं, फाइल काखेत घातली आणि जिना उतरून गेली. बाकीच्यांनीही ऐकलं होतं. ते मान खाली घालून बसून राहिले.

सर दारातच उभे होते. "असं बोलतात का, राजा? मुलांचा हिरमोड होतो," ते म्हणाले, तेही प्रेमानेच. मग रांगेतल्या पुढच्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला आत घेऊन गेले.

मी खाली रस्त्यावर आलो. आबांना सांगायला तिथेच मोबाइल काढला, पण लावला नाही. वरच्या खिडकीतून फोन वाजताना ऐकू येत होता. थोडा वेळ वाजला, मग कुणीतरी उचलला.