मोतीराम मिस्त्रीचा कान

मुकुंदवाडीत मोतीराम मिस्त्रीचं नाव झालं ते त्याच्या कानामुळं. पान्याला हात लावायच्या आधी तो डोकं तिरपं करून इंजिन ऐकायचा. "खोकला घशातला हाये का छातीतला, ते कळू द्या आधी," म्हणायचा. आजूबाजूची ज्वारीची रानं जाऊन इमारती उठल्या, गाड्या वाढल्या, आणि नेमका त्याच दिवसांत तो कान विझत गेला. हाक मारली तरी वळत नाही, म्हणजे मिस्त्रीला माज आला, असं गिऱ्हाइकं समजायची. खरं काय ते एकट्या त्याच्या बायकोला, साळूबाईला ठाऊक. नवरा दसऱ्याला गॅरेज बंद करणार, हेही तिलाच.

सोळा सालचा कोरडा उन्हाळा. देवगाव रंगारीचा सुदर्शन पाण्याचे ड्रम भरलेली जुनी व्हॅन घेऊन आला.

"मिस्त्री, हा इंजिनचा पिवळा दिवा जातच नाय! गाडी चालता चालता मधीच बंद पडती. दोन गॅरेजवाल्यांनी सेन्सर बदलला!"

मोतीराम नुसता हसला.

"हसता काय? मला रडू यायलंय इथं!"

डबा घेऊन आलेली साळूबाई पुढं झाली. नवऱ्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन तिनं सगळं सांगितलं. मोतीरामनं बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला तो त्याच बदललेल्या, कॅमशाफ्टच्या सेन्सरचा.

"सेन्सर नवा हाये. म्हंजे खोट वायरीत," तो तिला म्हणाला. "चालू इंजिनात वायर हलवत जायचं. अडखळलं की तिथंच दोष." मग हात पुसत हळूच म्हणाला, "पण ऐकणार कोण? दुसरीकडं ने म्हणावं त्याला."

साळूबाईनं पदर खोचला. "तुमी हलवा. मी ऐकते."

"तुला काय कळतंय इंजिनातलं?"

"जन्मभर तुमचं घोरणं ऐकलं. मधी श्वास अडकला की मला जाग येती. हलवा!"

इंजिन चालू ठेवून मोतीराम वायरीवरून इंचाइंचानं सरकत गेला. ती डोळे मिटून बसली. अचानक तिनं त्याचं मनगट धरलं. "इथं! हुकलं!" पुन्हा हलवलं, पुन्हा हुकलं.

वायरीवरची टेप सोडली, तर जोडाच्या पिना हिरव्या पडलेल्या. ड्रममधलं खारं पाणी ठिबकून वायरीत मुरलं होतं. मोतीरामनं जोड बदलला, कोड पुसला. सुदर्शन चिकलठाण्यापर्यंत चक्कर मारून आला. दिवा गप्प.

"मिस्त्री, कान लई तिखट तुमचा!"

साळूबाईनं ते कानात सांगितलं. मोतीरामनं नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं.

"माझा नाय, हिचा," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाय आता."

परक्या माणसापुढं त्यानं हे पहिल्यांदाच कबूल केलं.

सुदर्शन खजील झाला. "मग मघाशीच सांगायचं ना, मावशी! मी उगं चिडलो." जरा थांबून म्हणाला, "चुलत्याची गाडी बी अशीच करती. उद्या आणू का?"

तिनं ते कानात विचारलं. मोतीराम तिच्याकडं वळून म्हणाला,

"आण म्हणावं. आन् उद्या डबा घेऊन मागनं येऊ नको. सकाळीच चल माझ्यासंगं."