मिश्रीची डबी

दातांच्या सरकारी दवाखान्यात माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा आलेला; त्याचा तुकडा आज तपासायला काढायचा होता. केसपेपर लिहिताना ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं, तेव्हा त्यांनी ठणकावून ‘नाही’ सांगितलं.

भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. त्यांच्या लेकीनं ते मोठ्यानं वाचलं. पडलेला दात पुन्हा उगवावा म्हणून कुठंतरी संशोधन चाललंय म्हणे.

माणूस दुखऱ्या दातावर किती पिढ्या काय काय चोळत आला असेल! लवंग, मीठ, राख. जो तो आईनं दिलेलं चोळतो. नवं काही सापडतं, ते आमच्या या बाकापर्यंत येईतो नुसतं कात्रण उरतं.

नंबर जवळ आला तशा मावशी नळाशी गेल्या. कमरेची डबी काढून त्यांनी भाजलेल्या तंबाखूची काळी मिश्री हिरड्यांवर नीट फिरवली.

न राहवून मी म्हटलं, “मावशी, ही तंबाखूच आहे.”

“आम्ही कुठं खातो? नुसती लावतो,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरला तोंड दाखवायचं, तर स्वच्छ नको?”

त्यांनी डबी मिटायच्या आत लेकीनंही बोट पुढं केलं.