पाटीची मागची बाजू

कतारमधल्या अल खोरच्या आमच्या कंपनी वसाहतीत दर हिवाळ्यात खाद्यमेळा व्हायचा. २००० नंतरची काही वर्षं त्याची यादी मी करायचे, कारण ऑफिसातली कुठलीही यादी फिरून माझ्याच टेबलावर यायची. टेबलाचा क्रमांक, पाटीवरचा मजकूर, पदार्थ, कुटुंब, वीज लागते का. पाच रकाने, एक पान, मंगळवारी बाराला छपाईकडे.

त्या वर्षी एक ओळ अडली. आमच्या विभागातला अमेरिकन इंजिनिअर आदल्या आठवड्यात येऊन म्हणाला होता, "आई आली आहे. ऐंशीची आहे, पुन्हा काही ती येणार नाही. तिला तिच्या आजीचा मक्याचा पाव मांडायचाय. अमेरिकेच्या टेबलावर बर्गर आहेत. आम्हाला वेगळं टेबल दे, स्कॉच-आयरिश म्हणून."

त्याचे पूर्वज स्कॉटलंडमधून उत्तर आयर्लंडला गेले, आणि काही पिढ्यांनी तिथून अमेरिकेतल्या डोंगरांत. मी टेबल लिहून घेतलं.

यादीवर सही विभागप्रमुखांची. ते स्वतः स्कॉटलंडचे. त्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

"स्कॉच बाटलीत असते. माणसांना स्कॉट्स म्हणतात. आणि हे लोक तिकडून जाऊन शतकं झाली."

"मग टेबल काढू, सर?"

"राहू दे. स्कॉट्स-आयरिश लिही आणि विषय संपव."

पावणेबारा झाले होते. इंजिनिअर साइटवर. त्याला फोन करायचं मनात आलं, पण तो सापडेपर्यंत बारा वाजले असते, आणि एवढ्याशा फरकासाठी कोण अडून बसणार? मी ओळ बदलली, सही घेतली, कागद पाठवला.

मेळ्याच्या दुपारी क्लबच्या हॉलमध्ये पाट्या लावायला स्टोअरमधला आमचा एक सहकारी होता, रत्नागिरीचा. "ताई, एवढी यादी आमच्याकडे निकाहाला पण नसते," म्हणत तो भराभर पाट्या उभ्या करत होता.

म्हातारी मुलाबरोबर आली. हातात फडक्यात गुंडाळलेला तवा, त्यातच भाजलेला पाव. तिने चष्मा सावरून पाटी वाचली आणि तवा हातातच धरून उभी राहिली.

"आई, ठेव ना. गरम आहे."

"हे कोण लोक आहेत, मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्या आजोबांनी आम्हाला वेगळं नाव सांगितलंय."

"हल्ली पुस्तकांत असंच लिहितात, आई."

"पुस्तकांनी पाव करावा मग."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "मी तुला सांगितलं होतं," एवढंच तो हळू आवाजात म्हणाला. म्हातारी तवा घेऊन दाराकडे वळली.

मी पाटी उपसली, उलटी केली आणि मार्कर तिच्यापुढे धरला. "तुम्हीच लिहा." तिने तवा टेबलावर ठेवला. सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं. स्कॉच-आयरिश.

तेवढ्यात विभागप्रमुख समोर आले. त्यांनी पाटी वाचली.

"ह्यावर मी सही केलेली नाही."

"नाही, सर. या लोकांना न विचारताच मी नाव बदललं होतं." माझा करार पुढच्या महिन्यात नवा व्हायचा होता, आणि त्यावरही सही त्यांचीच लागणार होती.

म्हातारीने पावाचा तुकडा कापला. "हवा असेल तर घे. नसेल तर मागच्याला वाट दे."

त्यांनी घेतला नाही. पुढे निघून गेले. म्हातारी मात्र खुर्ची ओढून पाटीशेजारी बसली आणि पुढच्या माणसाला पाव वाढू लागली.

माझ्या पाठीमागे रत्नागिरीवाला सहकारी उभा होता.

"ताई, आमच्या पाटीला पण मागची बाजू आहे ना?"

मला लगेच कळलं नाही. मग त्याच्या टेबलाकडे पाहिलं. त्याच्या बायकोने कोकणातली सांदणं मांडली होती आणि शेजारणीशी ती मराठीतच बोलत होती. पाटी होती 'इंडियन मुस्लिम'. पुणे-नाशिकवाल्यांचं 'महाराष्ट्र' हॉलच्या दुसऱ्या टोकाला. दोन वर्षं मीच तसं लिहीत आले होते. विचारलं कधीच नव्हतं.

मी मार्कर पुढे केला. त्याने टोपण काढलं, पाटी उलटी केली आणि थांबला.

"थांबा, घरात विचारतो," म्हणाला, आणि मार्कर घेऊन बायकोकडे गेला.