सिनेमाच्या खोलीची जमीन

माझे यजमान बोटीवरची नोकरी सोडून श्रीवर्धनला कायमचे परतले, ते सिनेमा दाखवायचं एक छोटं यंत्र घेऊनच. गावात वीज नुकतीच आली होती. मागीलदारची सुपारी साठवायची खोली त्यांनी रिकामी केली, भिंतींना चुना काढला आणि खिडक्यांसाठी माझ्याकडून काळे पडदे शिवून घेतले. राहिली जमीन. ती जुनी मातीची होती आणि उंदरांनी पार पोखरली होती.

"शहाबादी फरशी घालू," ते म्हणाले. "रुबाबदार दिसेल."

"दिसणार कुणाला? दिवे तर बंद असणार. मातीचीच नवी करू," मी म्हटलं.

माझ्या डोक्यात सासूबाई होत्या. काचबिंदूने त्यांची नजर पूर्ण गेली होती. सिनेमा त्या नुसता ऐकणार होत्या. खोली त्यांच्या कानांना मानवली पाहिजे, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

आमच्या ओटीवर शहाबादी होतीच. मी म्हटलं, आधी तिथे लावून बघू. मुंबईहून भाड्याने आणलेलं रीळ सुरू झालं. सासूबाई मान कलती करून थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे विहिरीत उभे राहून बोलतायत का रे? एक शब्द कळेल तर शपथ."

दुसऱ्या दिवशी यंत्र माडीवर नेलं. तिथली जमीन लाकडी फळ्यांची. बोलणं स्पष्ट ऐकू आलं. यजमान खूश झाले, म्हणाले, खाली फळ्याच ठोकू. तेवढ्यात मी पाणी आणायला उठले. फळ्या करकरल्या आणि भिंतीवरचा नायक नायिकेसकट गदगदा हलला.

"म्हणजे तुझी मातीच," ते म्हणाले.

"मातीच. आणि वर काथ्याच्या चटया."

"अगं, धूळ यंत्रात जाईल. आणि लोक काय म्हणतील? बोटीवर जग फिरून आला आणि घरात शेणाची जमीन!"

लोकांचं मी मनावर घेतलं नाही, पण धुळीचं खरं होतं. म्हणून यंत्राच्या खाली आणि भोवती तेवढी फरशी घालायची, असं ठरलं. बाकीची जमीन उकरून बिळं बुजवली, नवी माती घालून चोपली. सारवण मी स्वतः केलं. ते दोन दिवस यजमान माझ्याशी मोजकंच बोलले.

पहिल्या खेळाला शेजारपाजार जमला. चटयांवर माणसं दाटीवाटीने बसली. सासूबाईंना मी भिंतीला टेकवून बसवलं. पडद्यावर एक म्हातारा पुटपुटत काहीतरी बोलला आणि सगळ्यांच्या आधी सासूबाई हसल्या. मग बाकीचे हसले. अंधारात यजमानांचा चेहरा मला दिसला नाही, पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रीळ बदलेपर्यंत तो तसाच होता.

सकाळी शेजारच्या काकू पुढे काय झालं ते विचारायला आल्या. मध्यंतरानंतर त्यांचा डोळा लागला होता. सासूबाईंनी त्यांना शेजारी बसवून उरलेला सिनेमा संवादांसकट सांगितला. नायिकेच्या साडीचा रंगही सांगितला.

"तो तुम्हाला कसा कळला?" काकूंनी विचारलं.

"ती बोलत होती त्यावरून हिरवीच असणार," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढची गोष्ट सांगू लागल्या.