नेपाळच्या अलीकडची सासुरवाडी

जळगावातल्या मेहरूणच्या अभिमनभाऊंना नेपाळला जायचं होतं, आणि तेही सायकलवर. माणसाला हौस असावी, पण किती? डाळमिलमधून निवृत्त झाल्यावर लोक अंगणात खाट टाकून पडतात. भाऊंनी भिंतीवर नेपाळचा नकाशा लावला. पोखरा, मुस्तांग ही नावं ते अशी घ्यायचे, जसे काही नशिराबादच्या पुढचेच थांबे.

घोडं अडलं होतं चढावर. जळगावात चढ आणायचा कुठून? मग भाऊंनी डोकं चालवलं. कॅरियरला तूरडाळीचं पोतं बांधून रोज सकाळी मेहरूणच्या तलावाभोवती फेऱ्या सुरू केल्या. फिरायला येणारी मंडळी त्यांना थांबवून डाळीचा भाव विचारायची. गिअर बसवून देताना सायकलवाले नूर महंमद म्हणाले, भाऊ, हिमालयाला जरा बाजूला सरकायला सांगून ठेवा. भाऊंना ते कौतुकच वाटलं.

पण खरा घाट घरात होता. यशोदाबाईंच्या होकाराशिवाय भाऊंचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार नव्हतं. एक दिवस चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "आखाजीला माझ्या माहेरी सायकलवर या. तो घाट चढलात तर नेपाळला खुशाल जा. नाही तर नकाशा उतरवायचा."

यशोदाबाईंचं माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगरात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, झोके खेळतात. दरवर्षी भाऊ त्यांना एसटीत बसवून द्यायचे आणि स्टँडवरूनच मागे फिरायचे. घाट लागतो, पोटात ढवळतं, हे त्यांचं ठरलेलं कारण. लग्नानंतर एकदोनदा तोंड दाखवलं असेल, तेवढंच. आता बायकोला जवळचा घाट सुचला, इतकाच अर्थ त्यांनी काढला. भोळा सांब दुसरं काय!

यशोदाबाई एसटीने पुढे गेल्या. भाऊ पोतं बांधून निघाले, धुळ्याला मुक्काम केला आणि साक्री मागे टाकली. घाटाच्या पहिल्याच वळणावर ऊन आणि चढ दोघांनी मिळून त्यांना सायकलवरून खाली उतरवलं. ढकलत, धापा टाकत थोडं वर गेले, तर एक कांद्याचा पिकअप थांबला. ड्रायव्हर म्हणाला, टाका मागे. भाऊंच्या मनात आलं, बघतंय कोण? तरी नको म्हणाले. पिकअप वळणाआड गेला आणि त्यांना स्वतःच्या प्रामाणिकपणाचा भयंकर राग आला.

गावात शिरले तेव्हा निंबाला झोके बांधलेले होते, गाणी चालली होती. भाऊंना बघून गाणी थांबली. आखाजीचा जावई गाडीने येतो, निदान चांगल्या मोटारसायकलवर तरी. हा आला सायकलवर, भर उन्हात, पाठीमागे पोतं घेऊन! गावानं एकच अर्थ काढला: बिचारे बुडाले. मेव्हण्यानं मुकाट्यानं सायकल घरामागे नेली आणि भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, काहीही झालं असो, हे घर तुमचंच आहे. भाऊ नेपाळचं समजावू लागले, तर लोकांना वाटलं, धक्क्यानं डोक्यावर परिणाम झालाय. यशोदाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. पोटभर हसून झाल्यावरच त्यांनी खरं काय ते सांगितलं.

सगळे हसले. ओट्यावर बसलेल्या पुष्पाबाई, म्हणजे भाऊंच्या सासूबाई, तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. आवाजाच्या रोखानं तोंड वळवून म्हणाल्या, "जवाईबापू, नेपाय दूर शे म्हनतस. मन्हं दार त्यानापेक्षा बी दूर व्हतं का?"

घाट लागतो म्हणावं, तर तोच घाट भाऊ आत्ताच डाळीचं पोतं घेऊन चढून आले होते. त्यांनी यशोदाबाईंकडे पाहिलं. त्या आता हसत नव्हत्या. अट कसली होती ते भाऊंना तेव्हा कळलं, आणि फार लाज वाटली.

जेवणात खापरावरचे मांडे होते, आमरस होता. भाऊंनी खाली मान घालून खाल्लं. ऊन उतरल्यावर भाऊंनी सायकल पुढच्या अंगणात आणली, तेव्हा पुष्पाबाई तिच्यापाशी आल्या. सीट चाचपली, कॅरियर चाचपलं, पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हाई पोतं सोडा ना. मंग माले बसता ई का? झोकालगून लई चाला."

सासू जावयाच्या मागे सायकलवर बसते, असं त्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. बायका पदराआड खुसखुसल्या. भाऊंनी पोतं सोडून ओट्यावर ठेवलं, कॅरियरवर गोधडीची घडी घातली, सासूबाईंना बसवलं आणि झोक्याच्या दिशेनं हळूच पायडल मारलं.

इतके दिवस ओझं ओढून पायांना वजनाची सवय झाली होती. म्हातारी डाळीच्या पोत्याहून कितीतरी हलकी होती. ते पायांना कळलं आणि भाऊंचे डोळे भरून आले. झोका आला तरी त्यांनी सायकल थांबवली नाही. सासूबाईंना घेऊन त्यांनी गावाला आणखी एक फेरी मारली.